पुढच्या आठवड्याच्या पोस्ट

धाकटी एका चष्म्याच्या दुकानाच्या पोस्टला मंगळवारची वेळ लावत होती, तेवढ्यात दादा आत आला. बसलाही नाही.

"तुझ्या वहिनीनं पुन्हा फोटो टाकलाय." त्यानं फोन तिच्यापुढे धरला. "नवऱ्याला एक शब्द नाही, आणि जगाला समुद्र दाखवतेय."

फोटोत सकाळचा समुद्र होता, कोपऱ्यात दीपगृह. खाली लिहिलं होतं, 'बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.'

धाकटीनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. वहिनी घर सोडून गेल्यापासून दादाची पार रया गेली होती. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. लहानपणी ती सायकलवरून पडू नये म्हणून हाच दादा चौकापर्यंत मागे धावायचा. तिला त्याच्याकडे बघवेना.

"तुझं काय चाललंय हे?" त्यानं पडद्याकडे मान केली.

"रोजचंच. गिऱ्हाइकांच्या पोस्ट एकदाच लिहायच्या, वेळ लावून ठेवायची. आपण झोपलेलो असलो तरी त्या आपोआप जातात. सॉफ्टवेअर फुकटचं आहे, मुक्त स्रोत. कुणीही उतरवून घ्यावं, आपल्याच मशीनवर चालवावं."

दादा थबकला. "म्हणजे तीही असंच करत असेल? भलतीकडेच बसून?"

"वहिनी?" धाकटी हसली. "दादा, तिला फोनवर साधा गजर लावता येत नाही. त्यालाही मलाच हाक मारते."

"तेही खरंच. डोकं आहे कुठे तिला!" दादाही हसला.

दोघांनी फोटो मोठा करून पाहिला. धाकटीनं नकाशा उघडला, किनाऱ्यावरून बोट फिरवत नेलं आणि एका टोकाला थांबवलं.

"लाल पट्ट्यांचं दीपगृह इथंच आहे. जवळपास दोन-तीनच लॉज दिसतायत. आत्ता निघालास तर अंधार पडायच्या आत पोचशील. फोन मात्र करू नकोस, नाहीतर तिथूनही हलेल."

दादानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू नसतीस तर मी काय केलं असतं गं?"

"रागावू नकोस हं तिच्यावर."

"छे गं. नीट समजावून आणतो."

धाकटी दारात उभी राहिली. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत हात हलवत राहिली. मग तिनं आतून कडी घातली आणि पुन्हा मशीनपुढे बसली. डोळे भरून आले होते. ते न पुसताच तिनं समुद्राचा आणखी एक जुना फोटो निवडला आणि त्याला उद्या सकाळची वेळ लावली.

मग उठून मागच्या खोलीचं दार हळूच वाजवलं.

"वहिनी, गेला तो. चल, तुझी बस उलट्या दिशेची आहे."

दार उघडलं. वहिनीचा डावा डोळा अजूनही उघडत नव्हता.