खाजणातली वाट

बोटीचा तळ वाळूत रुतला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. कौरेने इंजिन बंद करून वर उचललं. तो आणि त्याची थोरली बहीण तेरेंगा उतरून ढकलू लागले. पाणी घोट्यापर्यंत होतं. बोट हलली नाही. थोड्या वेळाने पाणीही उरलं नाही.

बोटीत चटईवर त्यांचे वडील, नाकिबाए, पडले होते. छाती वाजत होती. दवाखाना खाजणाच्या पलीकडच्या काठावर. इथून दोन्ही काठ म्हणजे नुसत्या रेघा. तेरेंगाने फोन लावला. भरती येईपर्यंत तिकडूनही बोट निघू शकत नाही, असं उत्तर मिळालं. म्हणजे अंधार पडल्यावर.

"निघताना सभाघरात एकेका म्हाताऱ्याला बोलायचं होतं," कौरे म्हणाला. "निरोप, मग प्रार्थना, मग परत निरोप. ओहोटी काय यांच्यासाठी खोळंबणार होती?"

"मग उठायचंस ना मधेच."

"तू उठलीस?"

वडीलधारे बोलत असताना त्यांच्या गावात कोणी उठत नाही.

नाकिबाएंनी डोळे न उघडताच विचारलं, पाण्याचा रंग कसा आहे. आयुष्यभर त्यांनी रंग बघूनच बोट हाकली होती. फिकट म्हणजे उथळ, गडद म्हणजे वाट.

तेरेंगाने चहूकडे पाहिलं. ओली वाळू आणि तिच्यावर पळणारे खेकडे.

"गडद आहे, बाबा."

"मग डावीकडे घे. पुढे खडक आहे."

कौरे बहिणीकडे बघत राहिला. मग मागे जाऊन बसला आणि इंजिनाचा दांडा वळवला.

"हळू रे. डुक्कर ओढतोयस का?"

त्याने हळू वळवला. इंजिनाचा आवाज का येत नाही, हे त्यांनी विचारलं नाही. ते एकेक वळण सांगत गेले. मासे अडवायची दगडी भिंत आली, तिला वळसा घातला. प्रवाळाची बेटं मागे पडली. ऊन कललं. दोन शब्दांमधलं अंतर वाढत गेलं, आणि प्रत्येक शब्दाला कौरे दांडा फिरवत राहिला.

"धक्का आला," ते शेवटी म्हणाले. "तेरेंगा, दोर टाक."

तिने दोर उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून फेकला. तो वाळूवर पडला.

"धरला का कोणी?"

कौरे खाली उतरला. चालत गेला, टोक उचललं आणि दोर ताणून उभा राहिला.