करपलेला पाक

"हा साधा मजूर नव्हे, मालक! पाक ओळखणारा गुळव्या आहे. किंमत तिप्पट पडेल," बेटावरच्या गुलामांच्या बाजारात अझोरला ओट्यावर चढवत लिलाववाला ओरडला.

"आधी परीक्षा," साखर कारखान्याचा बडा मालक म्हणाला. लगेच चुलीवर उसाच्या रसाची कढई चढली. "उतरवायची वेळ झाली की हात वर कर रे."

अझोरची नजर ओट्याखाली गेली. मारीत नावाची त्याची बायको घटकेपूर्वीच एका लहान मळेवाल्याला विकली गेली होती. त्या मळेवाल्यापाशी आता जेमतेम एका मजुरापुरते पैसे उरले होते.

रस उकळला, दाटला. नेमकी घडी अझोरच्या नाकाला कळली आणि त्याची बोटं शिवशिवली. वीस वर्षांत त्याने एकही कढई बिघडू दिली नव्हती. ते काम म्हणजे त्याची पूजाच होती. त्याने मनोमन देवाची क्षमा मागितली आणि दोन्ही हात पाठीशी घट्ट धरून ठेवले.

कढईतून काळा धूर निघाला.

"हा गुळव्या? ह्याला भाकरीही भाजता यायची नाही!" बडा मालक खो खो हसत निघून गेला.

"ऊस तर तोडेल ना?" म्हणत लहान मळेवाल्याने अझोरला मजुराच्या भावात घेतलं.

एकाच दोरीला बांधलेले दोघं चालू लागले तेव्हा मारीत रडवेली झाली. "वेड्या, कढईपाशी म्हातारा झाला असतास. उसात राबणारा माणूस सात वर्षांत संपतो."

"सात वर्षं!" अझोर म्हणाला. "अगं, मी तर एका दिवसासाठीसुद्धा करपवला असता."