विहिणीची साडी

"हिच्यापेक्षा महाग दाखवा, पण हिच्याइतकी सुंदर नको," असं दुकानदाराला तोंडाने सांगता येत नव्हतं, म्हणून विनोदिनीबाई गादीवरच्या साड्या नुसत्याच उलटून पाहत होत्या.

त्यांची स्वतःची साडी घेऊन झाली होती. डाळिंबी रंगाची कोसा रेशमाची, रुंद काठ, अंगावर बारीक बुट्टी. लेकीच्या लग्नात हीच नेसायची, हे त्यांनी पहिल्या नजरेत ठरवलं होतं. घोडं अडलं ते विहिणीच्या साडीपाशी. मुलीकडून विहिणीला जी साडी जाते ती मुलीच्या आईच्या साडीपेक्षा भारी असावी, ही घरची रीत. निघताना बाबारावांनी बायकोला बजावलंही होतं, "तिथं काटकसर करू नको. नाक कापल्या जाईल."

रीत मोडायची नव्हती. पण विहीण प्रेमलाबाई पडल्या नागपूरच्या. उंच, गोऱ्या, आणि साडी नेसावी तर त्यांनीच. साखरपुड्यात पाहुण्यांनी त्यांनाच नवरीची आई समजून नमस्कार केले होते, आणि खऱ्या आईला विचारलं होतं, "बाई, प्यायचं पाणी कुठं ठेवलं?" ते पाणी विनोदिनीबाईंच्या घशाखाली अजून उतरलं नव्हतं. एकुलती एक लेक. तिच्या लग्नात तरी चारचौघांनी आपल्याकडे पाहून 'ही नवरीची आई' म्हणावं, एवढीच त्यांची हौस होती.

"दीदी, ये देखिए, नया आया है," म्हणत दुकानदाराने एक साडी झटकून उलगडली.

रायपूर राजधानी झालं तशी पंडरीच्या कापडबाजारातल्या दुकानांना काचा आल्या होत्या, ढीगभर दिवे आले होते. त्या सगळ्या दिव्यांखाली ती साडी थेट डोळ्यांत घुसली. पोपटी अंग, केशरी काठ आणि पदरभर जरीचे मोर. पोळ्याला झूल म्हणून पाठीवर टाकली असती तर बैलानेही मान फिरवली असती. किंमत मात्र कोशाच्या वर.

"हीच द्या!" विनोदिनीबाई म्हणाल्या.

"आई, ये तो परदा लग रहा है," शेजारी बसलेली लेक देवश्री कुजबुजली.

"गप व पोट्टी. भारी आहे नं? मग झालं."

लग्नाच्या दिवशी सगळं मनासारखं जमलं. डाळिंबी कोशात विनोदिनीबाई खरोखर उजळून निघाल्या होत्या, आणि ते त्यांना माहीत होतं. विहिणीच्या ओटीत साडी घालताना त्यांचा उत्साह जरा जास्तच झाला. "सारी पंडरी पालथी घातली मी तुमच्यासाठी. पोरीच्या शालूले पण इतकी फिरली नाही."

प्रेमलाबाईंनी घडी उघडली. मोरांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मले तर शब्दच सुचून नाही राहिले."

जिंकलं, असं विनोदिनीबाईंना वाटलं.

पाठवणीची वेळ झाली. नवरी शालू बदलायला आतल्या खोलीत बसली होती. पाठवणीला तिने सासरकडून आलेली साडी नेसायची. ती साडी घेऊन प्रेमलाबाई आत आल्या, आणि त्यांच्या हातात तेच पोपटी मोर होते.

"विहीणबाई, तुम्ही इतक्या मायेनं घेतलेली साडी मी कशी ठेवून घेऊ? देवश्रीच नेसून येईल. आमच्या घरात पाय टाकताना आईच्या पसंतीची साडी पोरीच्या अंगावर राहीन."

देवश्रीने आईकडे पाहिलं. बाहेर फोटोवाला तयार होता, अख्खा तात्यापारा मोहल्ला निरोपाला उभा होता. लेक मोर मिरवत सासरच्या दारात उतरणार आणि तिकडच्या बायका तोंडाला पदर लावणार. हे सगळं आपण आपल्या हातांनी केलं. कबूल करायला जीभ रेटेना, आणि गप्प बसावं तर लेकीचा चेहरा समोर होता.

"थांबा!" त्या एकदम ओरडल्या. "आमच्यात अशी रीत नाही. आमच्यात पोरगी आईच्या अंगावरची साडी नेसून सासरी जाते."

कोपऱ्यातल्या शांताआत्यांनी चष्मा सावरला. बाबारावांची थोरली बहीण, घरच्या सगळ्या रीती त्यांना पाठ. "ही रीत कधीपासून व?"

"पहिल्यापासून! तुम्हाले आठवत नसन," असं म्हणत विनोदिनीबाईंनी खांद्यावरची पिन काढलीसुद्धा.

कोसा देवश्रीला असा शोभला की खोलीतल्या बायका जवळ येऊन पदर निरखायला लागल्या. विनोदिनीबाई परकर-ब्लाउजवर भिंतीला चिकटून उभ्या होत्या. पोर किती गोड दिसतेय, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि कोशाची हळहळ कुठल्या कुठे गेली. मग बाहेर बँड वाजायला लागला. नवरीचा शालू बॅगेत बंद होऊन गाडीत गेला होता, आणि नेसायला खोलीत एकच साडी उरली होती.

प्रेमलाबाई स्वतः पुढे झाल्या. डाळिंबी ब्लाउजवर ती पोपटी साडी त्यांनी विहिणीला हौसेने, चापूनचोपून नेसवली. एकही मोर झाकला जाणार नाही असा पदर लावला. मग पिन टोचता टोचता कानाशी येऊन हळूच म्हणाल्या,

"रीत छान आहे हो, विहीणबाई. माझ्या पोरीच्या लग्नात मीबी पाळीन. फक्त विहिणीची साडी निवडताना, आपल्यालेच नेसा लागन असं समजून निवडीन."