ल्वारच्या काठची व्हॅन

"सहा दिवस, तीनशे ऐंशी किलोमीटर, आणि एक गाडी दिसली नाही," अवधूत म्हणाला आणि त्याने टीव्हीवर पुढचा फोटो आणला.

फोटोत फ्रान्समधली ल्वार नदी होती. तिच्या कडेने जाणारा अरुंद, गुळगुळीत रस्ता, वर पॉप्लरची सावली, आणि पाठमोरे दोन सायकलवाले: अवधूत आणि यतीन. फोटो मागून येणाऱ्या यतीनच्या बायकोने, अक्षयाने काढला होता. रविवारची दुपार होती. इंग्लंडमध्ये, रीडिंगला यतीनच्या घरी जेवणं उरकून सगळे फोटो बघत बसले होते. त्यांचे मित्र समर आणि अनुराधा पुढच्या वर्षी बरोबर येणार होते, त्यांना उत्साह यावा म्हणून हा कार्यक्रम.

"एक होती," अवधूतची बायको चैत्राली म्हणाली. "सामानाची व्हॅन. मी चालवत होते."

सगळे हसले. "अगं, ती या रस्त्यावर कुठे होती?" अवधूत म्हणाला. "तू हायवेने यायचीस."

खरंच होतं ते. हा रस्ता ती आत्ता, टीव्हीवर, पहिल्यांदा बघत होती.

निघताना ठरलं होतं की व्हॅन पाळीपाळीने चालवायची. पहिल्या दिवशी चैत्रालीने घेतली, कारण उजव्या बाजूने चालवायची तिला भीती वाटत नव्हती. दुसऱ्या दिवशी अवधूत म्हणाला, आज पल्ला मोठा आहे, तुला झेपणार नाही. तिसऱ्या दिवशी यतीन म्हणाला, माझी लय लागलीय, आज नको. मग अक्षयाचा गुडघा दुखायला लागला. सायकल चालवताना दुखत नाही म्हणाली, क्लच दाबताना दुखतो. रोज रात्री "उद्या नक्की तू" असं कोणीतरी म्हणायचं आणि रोज सकाळी किल्ली चैत्रालीच्या बशीशेजारी असायची. फ्रान्सला जाण्याआधी सलग आठ रविवार तिने कॅनॉलच्या काठाने सायकलची प्रॅक्टिस केली होती. एकदा काटेरी झुडपात पडून हनुवटीला टाके घेतले होते.

"चैत्राली, तुला कुठला भाग सगळ्यात आवडला?" अनुराधाने विचारलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

"सुपरमार्केटचं पार्किंग," चैत्राली म्हणाली. "तिसऱ्या दिवसाचं. तिथे सावली होती."

अनुराधा हसायला गेली आणि थांबली.

"काहीतरीच काय गं," अवधूत म्हणाला. त्याने घाईघाईने फोटो बदलला. "तर पुढच्या वर्षी दॉर्दोन्य नदी. हिच्याहून शांत. माणसं वाढतायत, सामान वाढणार, पण व्हॅनची काळजी नाही. चैत्रालीला आता मस्त सवय झालीय."

चैत्राली उठली. तिला वाटलं होतं आपण ओरडू. पण आवाज अगदी साधा आला.

"अक्षया, गॅरेज उघडतेस? माझी सायकल घ्यायचीय."

फ्रान्सहून आल्यापासून तिची सायकल तिथेच होती. फ्रान्ससाठी म्हणून टायर नवे घातले होते. त्यांच्यावरचे रबराचे बारीक केस अजून शाबूत होते. अक्षया तिच्याशेजारी उभी राहिली. "तू तेव्हाच बोलायचंस ना गं," ती हळू आवाजात म्हणाली.

"बोलले होते. चौथ्या दिवशी, ब्रेकफास्टला. तू जॅम मागितलास."

अक्षयाला आठवेना. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

तेवढ्यात अवधूत बाहेर आला. "थांब, मी रॅक लावतो गाडीला."

"रॅक नकोय."

"म्हणजे? घरी ब्रॅकनेलपर्यंत सायकलने जाणार? वोकिंगहॅमच्या रस्त्याने? आज किती ट्रॅफिक आहे बघितलंस का?"

चैत्रालीने पँटचा पाय मोज्यात खोचला, हेल्मेटचा पट्टा लावला आणि निघाली.

ती मोठ्या रस्त्याला लागली. एक बस कोपराला वारा लागेल इतकी जवळून गेली. डिझेलचा धूर नाकात गेला. कोणीतरी खिडकीतून ओरडलं, ते तिला कळलं नाही, पण चांगलं नव्हतं. वीस मिनिटांनी वळून बघितलं तर मागे अवधूतची गाडी. हॅझर्ड लाइट लावून तो तिच्या वेगाने येत होता आणि त्याच्या मागचे हॉर्न वाजवत होते.

वोकिंगहॅमच्या अलीकडे सिग्नल लागला. पुढे सायकलींसाठी आखलेल्या चौकटीत ती जाऊन उभी राहिली. मागच्या पहिल्या गाडीतून अवधूतने मान बाहेर काढली.

"चैत्राली, बास झालं आता. अजून पाच मैल आहे घर."

"माहितीय."

"चुकलं माझं. चुकलं म्हणतोय ना! आता मी काय करू, सांग."

तिने बाहीने तोंड पुसलं. पाय दुखत होते. छाती भात्यासारखी हलत होती.

"तू पुढे जा," ती म्हणाली. "आणि चहा टाकून ठेव."

सिग्नल हिरवा झाला. अवधूतने तिच्याआधी गाडी हलवली नाही. चैत्रालीने पेडलवर भार दिला आणि लेनच्या मधोमध निघाली, आणि तिच्या मागच्या सगळ्या गाड्यांना तिच्या वेगाने निघावं लागलं.