मागे वळायचं नाही

एकविसाव्या किकला पाय घसरला आणि दांडा उलटा येऊन मिस्त्रींच्या नडगीवर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण ओरडायचं तरी कोणत्या तोंडानं? मागे पायरीवर बायको छाती दाबून बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अहो, नाही म्हणतेय ती आज," बायको म्हणाली. तेवढं बोलायलाही तिला मध्ये थांबावं लागलं.

"ती कोण लागून गेली नाही म्हणणारी? तू बोलू नकोस."

ती म्हणजे मोटारसायकल. लग्नाच्या आधीपासून घरात ठाण मांडून बसलेली, म्हणून बायकोनं पहिल्याच वर्षी तिचं नाव सवत ठेवलं होतं. अख्ख्या वस्तीचे मिक्सर, पंखे, इस्त्र्या मिस्त्रींच्या हाताखाली निमूट चालू व्हायच्या. ही एकटी दाद देत नव्हती. कार्बुरेटर साफ करावा तर प्लग काळा पडायचा, प्लग बदलावा तर क्लचची वायर तुटायची. पार्ट तर कुठेच मिळत नव्हते. गॅरेजवाल्यानं शेवटी हात जोडले होते. "मिस्त्री, हिला विका, नाहीतर मला तरी सोडा," म्हणाला होता.

तीन वर्षं झाली, सवत धक्क्याशिवाय चालू होत नव्हती. रोज सकाळी मिस्त्री वर बसायचे आणि बायको मागून ढकलायची, पार दिव्याच्या खांबापर्यंत. इंजिननं पकडलं की ती सीटवर दोनदा थोपटायची. म्हणजे झालं, सुटा आता. मग मिस्त्री जे सुटायचे ते थेट दुकानात. थांबायचं नाही, ॲक्सिलरेटर सैल सोडायचा नाही, मागे वळायचं नाही. जरा हात ढिला पडला की गाडी बंद, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. मागे बायको गुडघ्यांवर हात टेकून किती वेळ धापा टाकते, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पंधरा दिवसांपासून तिला दम जास्तच लागत होता. मिस्त्रींना वाटलं, गाडी जड आहे, लागणारच.

आणि आज दुपारी ती स्वयंपाकघरात खालीच बसली. डावा हात दुखतोय म्हणाली. गल्ली पाइप टाकायला खणून ठेवलेली, दोन चाकांपलीकडे काही आत शिरत नव्हतं. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, पेशंटला मोठ्या रस्त्यापर्यंत आणा. तिला तर चार पावलं चालवत नव्हतं. शेजारपाजारचे सगळे कामावर गेलेले, भर दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. हॉस्पिटल गाडीवर दहा मिनिटांचं.

मिस्त्रींनी तिला उचलून मागे बसवलं. वजन असं तिला उरलंच नव्हतं. चादर, कपडे आणि फाइल कोंबलेली फुगलेली पिशवी त्यांनी दोघांच्या मध्ये सीटला पट्ट्यानं बांधली, म्हणजे तिला डोकं टेकता येईल. मग दोन्ही पायांनी जमीन रेटत गाडी उतारावर सोडली. सवत दोनदा खोकली. खांबाशी उतार संपला आणि तीही संपली.

मिस्त्रींना रडूच फुटलं. त्यांनी टाकीवर डोकं टेकलं. "आजच्या दिवस चल गं बाई. परत कधी काही मागणार नाही."

त्यांनी पुन्हा दुसरा गिअर टाकला, क्लच दाबून धरला आणि जीव खाऊन पाय रेटले. गाडी हलेना. मग हलली. मग एकाएकी अशी हलकी झाली, की त्यांना वाटलं, अजून थोडा उतार होता तर. त्यांनी क्लच सोडला. इंजिननं पकडलं. मागून सीटवर दोनदा थोपटल्याचं जाणवलं आणि मिस्त्रींच्या जिवात जीव आला. बायको शुद्धीवर होती. त्यांनी ॲक्सिलरेटर पिळला आणि सुटले.

"टेकून बस," ते ओरडून सांगत होते. इंजिनच्या आवाजात स्वतःचंच त्यांना ऐकू येत नव्हतं. पाठीला पिशवी दाबली जात होती, म्हणजे तिनं डोकं टेकलं असणार. "ऐक, हिला विकतो मी. उद्याच विकतो. बटण दाबलं की चालू होणारी स्कूटर घेऊ. तुला परत धक्का मारायला लावलं ना, तर नाव बदलीन." तिनं उत्तर दिलं नाही. बरंच झालं, त्यांना वाटलं, बोलून उगाच दमायची.

सिग्नल लाल होता, त्यांनी पाहिला नाही. हॉस्पिटलच्या फाटकात गाडी घातली तेव्हाही त्यांनी ॲक्सिलरेटर सैल सोडला नाही.

"खुर्ची आणा लवकर. मागे बायको आहे, छातीत दुखतंय तिच्या."

वॉचमन चाकाची खुर्ची घेऊन धावत आला. गाडीच्या मागे गेला आणि तिथेच थांबला.

"काका," तो हळूच म्हणाला, "मागे नुसती पिशवी आहे."

बसलेलं माणूस सीटवर थोपटत नाही. थोपटतं ते खाली उतरून धक्का मारणारं. मिस्त्रींनी तीन वर्षांत पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. हात ढिला पडला, आणि सवत बंद पडली.