पडलेलं दान

"तीन," घोंगडीवर पडलेल्या सहा कवड्यांकडे बघून सगुणाबाई म्हणाल्या. काळ्या पडद्यावर पासवर्ड बनवण्याची आज्ञा देऊन बसलेल्या विनायकने तीन टाइप केले.

संगणकाने स्वतः काढलेला कुठलाही पासवर्ड आता अंदाजयंत्र ओळखत असे आणि माणसाने मनाने रचलेला तर त्याहून लवकर. म्हणून धरणाच्या दरवाजांचा पासवर्ड रोज चाळीस दानांतून बनायचा. गेल्या महिन्यात हात दुखला तेव्हा बाईंनी शेवटची पाच दाने मनानेच सांगितली होती. शहरातल्या मुख्यालयाने घेतलेल्या चाचणीत यंत्राने नेमकी तीच पाच ओळखली. आजच्या चाचणीतही तसे झाले, तर दरवाजांचा ताबा गावाकडून मुख्यालयाकडे जाणार होता.

पस्तिसाव्या दानापासून तीनच पडू लागले. सलग सहाही वेळा तीन!

"मावशी, एवढं शेवटचं परत टाका," विनायक कळवळून म्हणाला. "हे तर शेंबडं पोरही ओळखेल."

"तुझ्या मनासारखंच सांगायचं, तर कवड्या कशाला हव्यात? पडलं ते पडलं. लिही तीन."

यंत्र संध्याकाळपर्यंत झटले आणि हरले. इतकी सारखी दाने माणूस तशीच राहू देईल, हे त्याने धरलेच नव्हते.

विनायक निकाल घेऊन धावत आला. बाई ताठ बसून कवड्या पुसत होत्या.

"आमच्या घरात पडलेलं दान कुणी बदलत नाही," त्या म्हणाल्या. "मी एकदा न टाकताच मनानं सांगितलं. तेवढंच यंत्राला कळलं."