वलगावच्या शाळेचं छप्पर

वलगावच्या सरकारी शाळेचं छप्पर गळतं, पोरं डोक्यावर पाट्या धरून धडे म्हणतात, असं विसाजीपंतांनी अमरावतीच्या आपल्या वर्तमानपत्रात सलग दोन पावसाळे छापलं. विद्याखात्याच्या साहेबांनी ते वाचलंही असेल. पण हूं की चूं केलं नाही.

तिसऱ्या वर्षी विलायतेत आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो आणखी चढेल म्हणून एका आडत्यानं कापसाचे बोजे थेट शाळेत रचून ठेवले, आणि मास्तरांनी वर्ग बाहेर निंबाखाली नेला. पंतांचं डोकंच फिरलं. ‘मुलांच्या जागी कापूस बसला आहे, आणि गळक्या छपराखाली तोही बापडा भिजतो आहे,’ असं त्यांनी चिडून लिहिलं.

आठवड्याच्या आत, भर पावसात शाळेच्या छपरावर नवे कवेलू, म्हणजे कौलं, चढले. साहेब जातीनं देखरेखीला उभे होते. पोरं निंबाखाली भिजत बघत होती.

“याला म्हणतात लेखणीची ताकद!” पंत छापखान्यात भेटेल त्याला ऐकवत होते. तेवढ्यात नांदगावचे जानराव पाटील आले.

“पंत, आमची शाया बी गयते. तेवढं छापा.”

“छापतो की! मुलं फार भिजतात का हो?”

पाटलांनी हातच जोडले. “पोराईचं नाव काहून घेता? कापूस भिजून राहिला, असं लिवा.”